कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं?

कपिलधारच्या डोंगरातला एक पांढरा खडा आणि काकांच्या उशाशी घरघरणारं एक मशीन. या दोघांचं नातं समजायला मला चार वर्षं लागली. त्या नात्याची ही केमिस्ट्री... अगदी खरीखुरी केमिस्ट्री!

“ए पोरी, इकडं ये. हे बघ, तुझ्या मशीनमधला दगड!”

काका रस्त्याच्या कडेला, डोंगर कापून उभ्या राहिलेल्या भिंतीपाशी उकिडवे बसले होते. वरून श्रावणाची भुरभुर, खाली कपिलधारची हिरवीगार दरी आणि मागे गाडीतून आमच्या गँगचा आरडाओरडा... “चला की काका, धबधबा काय आपली वाट बघत थांबणारे?”

२०२५ चा श्रावण. पंधरा ऑगस्ट नेमका शुक्रवारी आलेला. असा लाँग वीकएन्ड मिळाला की पुण्यातली जनता लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन बसते. मी मात्र ऑफिसमधल्या चौघांना उचलून थेट माझ्या गावी, बीडला आणलं होतं. “बीडला धबधबा?” असं म्हणून आधी सगळे हसले होते. मराठवाडा म्हटलं की यांच्या डोळ्यांसमोर फक्त टँकर येतो! पण बालाघाटच्या डोंगरात, मांजरसुंब्याजवळ, कपिलधार आहे. दरीत संत मन्मथ स्वामींच्या समाधीचं मंदिर, शेजारी कड्यावरून कोसळणारी धार. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला इथे दिंड्या चालत येतात. काकाही वर्षानुवर्षं त्या वाटेने चालत आलेले.

मी वाकून पाहिलं. काळ्या खडकात बोराएवढ्या खळग्या. त्यातल्या एकीत पांढरी, मोत्यासारखी चमकणारी पात्यांची जुडी. आमच्याकडे अशा कुठल्याही पांढऱ्या चकचकीत दगडाला सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. लहानपणी अशा गारगोट्या खिशात भरून नेल्या, की आई खिसे उलटे करून त्या अंगणात फेकायची.

“हाच की गं तो,” काका म्हणाले. “नायट्रोजन धरणारा.”

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. दगडात काय आहे हे त्यांना माझ्याआधी कळणार, यात नवल नाही. पण तो दगड त्यांना इतका जवळचा का, हे सांगायला मला २०२१ च्या मे महिन्यात जावं लागेल.

पिवळा दिवा

ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. मी लॅपटॉप घेऊन बीडच्या घरी आले होते. वरच्या खोलीत माझे कॉल आणि खालच्या खोलीत काका. पाचव्या दिवशी त्यांचा खोकला वाढला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९३ दिसलं, संध्याकाळी ९०, दुसऱ्या दिवशी सकाळी ८८. दवाखान्यांत बेड नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, “बेड मिळेपर्यंत पालथं झोपवा आणि कॉन्सन्ट्रेटर मिळतोय का बघा.”

कॉन्सन्ट्रेटर! महिन्याभरापूर्वी हा शब्द मी ऐकलाही नव्हता. आता त्यासाठी चाळीसेक फोन केले. शेवटी एकाकडे भाड्याने मिळाला. मिनिटाला पाच लिटरवाला. दुचाकीवर मधे बसवून आणला, प्लग लावला, नळी काकांच्या नाकाला लावली. घर्रर्र... फुस्स... घर्रर्र... फुस्स... सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

तासाभराने आकडा ८९. दोन तासांनी पुन्हा ८९. मशीनवर एक छोटा पिवळा दिवा लागलेला. देणाऱ्याला फोन केला, तर “तो दिवा लागतोच मॅडम, टेन्शन घेऊ नका.” काकू देवापाशी, मी मशीनपाशी. मी त्याची माहितीपुस्तिका नेटवरून उतरवून वाचत बसले. पिवळा दिवा म्हणजे बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी पडतंय. म्हणजे आवाज होत होता, वारा येत होता, फक्त ऑक्सिजन पुरेसा नव्हता!

रात्री दहाला ओळखीतून एक मेकॅनिक आला. पीपीई किटमध्ये घामाने निथळणारा, विशीतला मुलगा. त्याने नळीला एक छोटं मीटर लावलं. आकडा सत्तरच्याही खाली. तो नव्वदच्या वर हवा होता.

“ताई, याचा दगड गेलाय.”

“दगड?”

“याच्या पोटात दगडाचे दाणे असतात. हे मशीन कुठेतरी ओलीत पडून राहिलंय. दगडाने पाणी धरलं. आता तो नायट्रोजन धरत नाही.”

मी बोट दाखवून विचारलं, “पण पाण्याची बाटली तर याला लावलेलीच असते ना?” तो म्हणाला, “ती बाहेर पडायच्या वाटेवर. दगडाच्या पुढे. आत पाणी गेलं की खेळ खलास.”

त्याने रात्री साडेबाराला दुसरं मशीन आणून दिलं. पहाटे चार वाजता काकांचा आकडा ९४ होता. मी तो आकडा दाखवणाऱ्या बोटाचा फोटो काढला. अजून फोनमध्ये आहे.

त्यानंतर काका पुरे महिनाभर अंथरुणावर होते. पण हिंडायला लागल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? “त्या पोराने दगड म्हणालं होतं. कोणता दगड?”

दोघंही आत, एकच बाहेर

पुण्यात माझी एक शाळेपासूनची मैत्रीण केमिस्ट्रीत पीएचडी करून बसली आहे. इतकी वर्षं तिच्या विषयाबद्दल मी फक्त जोक मारले होते. त्या जूनमध्ये तिला फोन करून पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला. तिने जे सांगितलं, ते ऐकून मी थक्क झाले.

आधी एक गैरसमज. हे मशीन ऑक्सिजन तयार करत नाही. आपल्या खोलीतल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम एक टक्का आर्गॉन असतो. मशीन फक्त नायट्रोजन काढून घेतं. उरतो तो ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन. (आर्गॉन ऑक्सिजनबरोबरच बाहेर येतो, म्हणून आकडा शंभरपर्यंत जात नाही.)

काढून घेण्याचं काम करतो तो दगड. त्याचं नाव झिओलाइट. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी बांधलेली जाळी, आणि त्या जाळीत सगळीकडे एकसारख्या खोल्या, एकसारखी दारं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, फक्त खोल्या इतक्या लहान की एका खोलीत मोजकेच रेणू मावावेत. मशीनमधला झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, राजगिऱ्यासारख्या बारीक दाण्यांचा.

आता मला वाटलं, ही चाळणी असणार. लहान रेणू आत, मोठा बाहेर. सोपं!

“चूक,” मैत्रीण म्हणाली. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू आकाराने जवळपास सारखेच, जुळ्या भावांसारखे. आणि या झिओलाइटची दारं दोघांच्याही जवळपास दुप्पट रुंद. दोघंही बिनधास्त आत शिरतात. मग दगड ओळखतो कसा?

विजेच्या भाराने. झिओलाइटच्या खोल्यांमध्ये सोडियमचे किंवा लिथियमचे धन भाराचे आयन बसलेले असतात. नायट्रोजनच्या रेणूत भार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. दोन्ही टोकांना किंचित ऋण, मधे किंचित धन. ऑक्सिजनमध्येही अशी असमानता असते, पण बरीच कमी. त्यामुळे नायट्रोजन त्या आयनांपाशी रेंगाळतो आणि ऑक्सिजन बाहेर निघून जातो. एखाद्या लग्नाच्या मांडवात दोन पाहुणे शिरावेत, एकाला ओळखीचं माणूस भेटून त्याने खुर्ची ओढावी आणि दुसरा जेवणाच्या हॉलकडे चालू लागावा, तसं.

आणि ते ‘फुस्स’? दाणे भरलेल्या नळकांड्यात हवा दाबून भरली की नायट्रोजन चिकटतो. दाब काढून घेतला की तो सुटतो आणि ‘फुस्स’ करून बाहेर फेकला जातो. नळकांडी दोन. एक धरत असतं तेव्हा दुसरं सोडत असतं. दर काही सेकंदांनी अदलाबदल. रात्रभर, दिवसभर.

कुलूप, किल्ली आणि कासार

एका रेणूने हजारो रेणूंच्या गर्दीतून नेमका एक ओळखणं आणि धरणं, हा रसायनशास्त्राचा एक अख्खा विभाग आहे. याची पहिली गाजलेली उपमा १८९४ मध्ये एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने दिली. साखरेच्या ठरावीक रेणूवरच ठरावीक एन्झाइम काम करतं, असं त्याला दिसत होतं. तो म्हणाला, हे कुलूप-किल्लीसारखं आहे. आकार जुळला तरच उघडणार. ऑफिसचं अ‍ॅक्सेस कार्ड समजा!

उपमा छान, पण अपुरी. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी सुचवलं की एन्झाइम काही लोखंडी कुलूप नाही. किल्ली आत येताना तेही थोडं बदलतं, जुळवून घेतं. यासाठी पाश्चात्त्य पुस्तकांत हात आणि हातमोजा यांचं उदाहरण असतं. मला विचाराल तर आपला कासार जास्त बरोबर! काकूच्या हातात बांगड्या भरताना कासार बांगडी मोठी करत नाही. तो हात दाबतो, अंगठा आत वळवतो, आणि अशक्य वाटणारी बांगडी मनगटावर जाते. मापात बसणं असतं, पण बसता बसता बसवून घेणंही असतं.

मग प्रयोगशाळेत माणसाने स्वतः असे ‘ओळखणारे’ रेणू बनवले. ही गोष्ट आपल्यासारख्या नोकरदारांनी जरूर वाचावी. चार्ल्स पेडरसन. जन्म १९०४, कोरियातल्या बुसानचा. वडील नॉर्वेचे, आई जपानी. ड्यूपाँट कंपनीत ४२ वर्षं नोकरी, पीएचडी केलेली नाही! साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रयोगात त्यांना हवा तो पदार्थ मिळाला नाही. भांड्यात थोडेसे पांढरे स्फटिक मात्र उरले. अर्धा टक्कासुद्धा नाही. दुसऱ्या कुणी धुऊन टाकले असते. पेडरसन यांनी ते तपासले. निघाली अणूंची एक कडी, मुकुटासारखी. तिच्या मधोमध सोडियम किंवा पोटॅशियमचा आयन जाऊन बसतो. कडीचा आकार बदला, आवडता आयन बदलतो. १९६७ मध्ये त्यांनी हे छापलं. १९८७ मध्ये डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. अ‍ॅप्रेझलमध्ये यंदाही काही मिळालं नाही म्हणून रुसलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. ही पकड बहुतेक वेळा कच्च्या धाग्यांची असते. अणू-अणूंना कायमचे बांधणारे बंध इथे नसतात. थोडी विजेची ओढ, थोडा हायड्रोजनचा दुवा, थोडं आकाराचं जुळणं. गोधडीचा एकेक टाका ओढला तर सुटतो, पण शेकडो टाके मिळून थर धरून ठेवतात. आणि टाके कच्चे असतात म्हणूनच गोधडी उसवून पुन्हा शिवता येते. नायट्रोजन घट्ट चिकटला असता, तर पहिल्या ‘घर्रर्र’नंतर मशीन कायमचं बंद पडलं असतं. सोडता येतं, म्हणून पुन्हा धरता येतं.

पहिलं मशीन का फसलं?

मेकॅनिकचं वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. मैत्रिणीने सांगितल्यावर कळलं. झिओलाइटला नायट्रोजन ‘आवडतो’ हे खरं, पण फक्त ऑक्सिजनच्या तुलनेत. पाण्याचा रेणू आला की चित्र पालटतं. पाण्याच्या एका बाजूला ठळक ऋण भार, दुसऱ्या बाजूला धन. दगडातल्या आयनांना तो नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त हवासा वाटतो. एकदा बसला की नुसता दाब काढून उठत नाही. त्याला उठवायला चांगलीच उष्णता द्यावी लागते.

मशीन रोज चालू असेल तर आत आलेली ओल प्रत्येक ‘फुस्स’बरोबर बरीचशी बाहेर जाते. पण ते कुठल्यातरी दमट गोडाऊनमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलं, तर ओल हळूहळू सगळ्या दाण्यांपर्यंत पसरते. खुर्च्या भरून जातात. मग नायट्रोजनला बसायला जागा नाही, तो ऑक्सिजनच्या मागोमाग चालत थेट काकांच्या नाकापर्यंत.

म्हणजे दगड बिघडला नव्हता. तो त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागत होता. ओळख ही नेहमी ‘कुणाच्या तुलनेत’ असते, एवढंच. आणि हो, तुमच्या घरी त्या काळात घेतलेलं मशीन माळ्यावर पडलं असेल, तर ते अधूनमधून चालवा, कोरड्या जागी ठेवा आणि वापरायची वेळ येण्याआधी ऑक्सिजनचं प्रमाण तपासून घ्या. पिवळा दिवा ‘लागतोच’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

जो सोडतच नाही

नळीतून आलेला ऑक्सिजन फुप्फुसात पोचला की पुढची ओळख सुरू होते. रक्तातलं हिमोग्लोबिन. त्यात चार खोल्या, प्रत्येकीत लोखंडाचा एक अणू. पहिल्या खोलीत ऑक्सिजन बसला की पूर्ण रेणू किंचित वळतो आणि पुढच्यांना बसणं सोपं जातं. (कासार आठवा!) पण खरी कमाल सोडण्यात आहे. जिथे स्नायू काम करून थकलेत, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढलंय, तिथे हिमोग्लोबिनची पकड आपोआप सैल होते. गरज तिथे डिलिव्हरी!

याच खोलीत एक भलताच पाहुणाही शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतं. गंमत म्हणजे हा आकडा शरीराने आटोक्यात आणलेला आहे! प्रथिनाचं घर नसतं आणि लोखंड धरणारा तो तुकडा उघडा असता, तर फरक हजारो पटींचा झाला असता. प्रथिनाचा एक भाग त्या खोलीत ऑक्सिजनला हात देतो, म्हणून आपण जिवंत आहोत. पण बंद खोलीत वायू जास्त झाला, की तेवढं संरक्षण पुरत नाही.

हे आपल्याला कशाला? कारण आपल्यातले अर्धे लोक भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथल्या पिटुकल्या बाथरूममध्ये गॅस गिझर असतो. दार बंद, खिडकी थंडी म्हणून बंद, गॅस अर्धवट जळतोय. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गरगरतं, आणि मग माणूस कोसळतो. आणखी धोक्याची गोष्ट म्हणजे बोटावरचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतो! त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. घरमालकाशी त्यावरून भांडावं लागलं तर खुशाल भांडा.

दगड तुमच्या ऑफिसातही आहे

काकांसाठी माहिती गोळा करता करता मला झिओलाइट जिकडेतिकडे दिसायला लागला. तुमच्या काचेच्या चकाचक ऑफिसची दुहेरी काचेची खिडकी घ्या. दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीत याचेच दाणे असतात, आतली ओल पिऊन टाकायला. म्हणून काच आतून धुरकटत नाही. कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींमध्ये तो असतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम धरतो, बदल्यात सोडियम सोडतो.

अंगातला पॉलिएस्टर मिक्स शर्ट? त्याच्या कच्च्या मालात पॅरा-झायलिन लागतं. झायलिनची तीन भावंडं सारख्याच अणूंची, फक्त मांडणी वेगळी. त्यांतलं सरळसोट पॅरा हे झिओलाइटच्या अरुंद बोगद्यातून सुळकन निसटतं, बाकीची अडखळतात. या कामासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘एन्सिलाइट’ नावाचा स्वतःचा झिओलाइट उत्प्रेरक बनवला आणि १९८० च्या दशकात तो बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात वापरला गेला. पाषाण रोडवरून रोज जाता ना? तीच ती प्रयोगशाळा.

आणि पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मळीपासून, उसाच्या रसापासून केलेलं इथेनॉल नुसतं उकळून साधारण ९५ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं. शेवटचं पाणी हटत नाही. ते काढायला डिस्टिलऱ्यांमध्ये झिओलाइटचे मनोरे असतात. त्यांची दारं इतकी लहान, की पाण्याचा रेणू आत जातो आणि इथेनॉलचा बाहेर राहतो. इथे मात्र खरीखुरी चाळणी! माझ्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांनी तोडलेला ऊस शेवटी या बारीक दारांपाशी पोचतो आणि तिथून आपल्या टाकीत. पुढच्या वेळी पेट्रोल भरताना मला तरी हे आठवेल.

खळगीतला पाहुणा

तर परत त्या डोंगरापाशी. आमचा काळा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी खडकांतून झिरपत राहिलं आणि त्या खळग्यांमध्ये हळूहळू स्फटिक वाढले. महाराष्ट्रातले हे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नाशिककडे जाताना सिन्नरला तर ‘गारगोटी’ याच नावाचं संग्रहालय आहे, तिथे हे स्फटिक बघून डोळे दिपतात.

झिओलाइट हे नाव मात्र स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिलं. अशा दगडाला तापवल्यावर त्यातून वाफ फसफसून निघाली, म्हणून ग्रीकमधून ‘उकळणारा दगड’. म्हणजे जे पाणी काकांच्या मशीनला नडलं, त्याच पाण्यावरून दगडाचं बारसं झालंय!

“काका, पण हा तोच नाही बरं का,” मी शहाणपणा केला. “मशीनमधला कारखान्यात बनवलेला असतो. हा त्याचा चुलत भाऊ म्हणा फार तर.”

“बरं मग? चुलता म्हणजे परका असतो का गं?” काका म्हणाले. यावर पुतणीने काय बोलावं!

पुण्याला परतले आणि दोनच महिन्यांत बातमी आली. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु किटागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना. काम काय? धातूचे आयन आणि कार्बनी रेणू जोडून बांधलेल्या जाळ्या, आत मोकळ्या खोल्या. झिओलाइटचीच पुढची पिढी, फक्त इथे खोलीचा आकार आणि भिंतींचा स्वभाव बराचसा आपण ठरवायचा. याघी हे जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबातले. पाणी मोजून येणाऱ्या घरात वाढलेले. त्यांच्या गटाने अशी जाळी बनवली, जी वाळवंटातल्या कोरड्या हवेतून रात्री पाण्याचे रेणू धरते आणि दिवसा उन्हाच्या ऊबेने सोडते. नुसत्या उन्हाने! म्हणजे दगडासारखं हट्टाने धरून बसायचं नाही. अजून ते पाणी घोटाघोटाने मिळतं, गावाची तहान भागेल असं काही नाही. मी तरीही बातमी लगेच काकांना पाठवली. टँकरच्या जिल्ह्यातल्या मास्तरांचं उत्तर आलं, “चांगलं आहे. आपल्याकडं कधी?”

त्या दिवशी धबधब्याखाली आमच्या गँगने यथेच्छ भिजून घेतलं. काका भिजले नाहीत. फुप्फुसं अजून जपावी लागतात. ते मंदिरात जाऊन आले आणि एका कट्ट्यावर बसून राहिले. चढ चढताना तीनदा थांबले, पण चढले. वर आल्यावर मी हळूच म्हटलं, “तो खडा काढून घेऊ का? माझ्या डेस्कवर ठेवीन.”

“काय करायलीस नेऊन? धूळ खाईल तिथं. राहू दे त्याच्या जागेला.”

मी गाडीत बसले. ऑक्सिमीटर अजूनही माझ्या पर्समध्ये असतो, सवय म्हणून. काकांच्या बोटाला लावला. चढ चढून आलेल्या माणसाचा आकडा, ९६.

कपिलधारला जायचंय?

पुण्याहून अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून नगरच), जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला पोचा. तिथून कपिलधार अगदी जवळ. बीड शहरातून अंतर साधारण वीस किलोमीटर. धार बघायची तर पावसाळ्यातच जा, आणि जाण्याआधी आठवडाभर पाऊस झालाय ना याची खात्री करा. जोराचा पाऊस सुरू असेल तर धारेखाली जाऊ नका, दगड निसरडे असतात. हे देवस्थान आहे, त्यामुळे पार्टीचं सामान पुण्यातच ठेवा. आणि रस्त्यालगत काळ्या खडकात पांढरं काही चमकलं, तर थांबून नक्की बघा. पण खडा मात्र तिथेच सोडा.